चार भोकांचं आसन

घनश्यामला बायकोच्या धंद्याची लाज वाटायची. त्या धंद्यातून घरात आलेल्या वस्तूंची मात्र वाटत नसे. कूलर, मिक्सर, स्वतःच्या अंगावरचा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हे सगळं तो मोकळ्या मनाने वापरायचा. अडचण एवढीच, की कोणी विचारलं, "वहिनी काय करते जी?" तर सांगायचं काय? पिंजऱ्यातली पाखरं जिथे घाण करतात, तिथे खाली टाकायच्या चटया विणते म्हणून? आणि घनश्याम काही साधा माणूस नव्हता. गावच्या तलावात मासेमारी करणाऱ्यांची जी संस्था होती, तिचा तो उपाध्यक्ष होता. अध्यक्ष आजारी पडले तर सभेत मधल्या खुर्चीवर बसायचा मान त्याचा. अध्यक्षांची तब्येत दुर्दैवाने ठणठणीत होती, पण म्हणून काही मान कमी होत नाही.

गाव जवाहरनगरच्या अलीकडे, तलावाच्या पाळीला लागून. घनश्यामची बायको ज्योत्सना लग्न होऊन आली तेव्हापासून टोपलीत मासे घेऊन जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या क्वार्टरांमध्ये विकायला जायची. तिथे रत्नमाला मॅडम म्हणून एक गिऱ्हाईक होतं. मॅडमना माणसांपेक्षा पाखरं प्रिय. व्हरांड्यात पिंजरेच पिंजरे. पाखरं खाणार चिमूटभर आणि फेकणार मूठभर. टरफलं, पिसं आणि बाकीचा प्रसाद सगळ्या फरशीवर. मॅडम खाली वर्तमानपत्र टाकायच्या, पंखा लावला की ते पाखरांआधी उडायचं. ज्योत्सनाने हे दोन-चार वेळा पाहिलं, काही बोलली नाही, आणि एक दिवस मासळीबरोबर एक चटई घेऊन गेली.

चटई म्हणजे कशी, तर राइस मिलच्या जुन्या बारदान्याची सुतळी उसवायची आणि जाळं विणायच्या बांबूच्या सुईने, जाळ्याचीच गाठ मारत विणायची. पण इतकी घट्ट, की बाजरीचा दाणा आरपार जायला नको. खाली तांदळाच्या प्लास्टिक पोत्याचं अस्तर, म्हणजे ओल फरशीला लागत नाही. चारही बाजूंनी दोन बोटं उंच उभा काठ, टरफलं घरंगळू नयेत म्हणून. आणि चार कोपऱ्यांना चार भोकं, पिंजऱ्याच्या स्टँडचे पाय त्यात गच्च बसावेत म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या मासे अडवणारे हात आता पाखरांची विष्ठा अडवू लागले, एवढाच काय तो फरक. मॅडमनी फोटो काढून आपल्या पाखरंवाल्या मैत्रिणींना पाठवले, आणि बघता बघता नागपूर, रायपूरहून पिंजऱ्यांची मापं ज्योत्सनाच्या फोनवर येऊ लागली. तिने टोपली नणंदेला देऊन टाकली.

इथवर सगळं ठीक होतं. पुढे पोरीचं लग्न निघालं.

प्रतिक्षा घनश्यामची एकुलती एक. तुमसरचा कमलेश तिला गेल्या वर्षीच्या मंडईत भेटला होता. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटक होतं, घरोघर पाहुणे येतात, आणि म्हाताऱ्यांना वाटतं की पोरं नाटक पाहतात. प्रतिक्षाने ते आईला सांगितलं. आईने ते घनश्यामला अशा बेताने सांगितलं, की आठवड्याभरात त्यालाच वाटू लागलं की तुमसरचं हे स्थळ आपणच शोधून काढलं. पोरगा राइस मिलमध्ये मशीनवर, घर स्वतःचं, व्यसन नाही. घनश्याम स्वतःच्या हुशारीवर खूश झाला आणि चुलतभाऊ लिलाधरला घेऊन तुमसरला गेला.

कमलेशचे वडील इश्वरजी बोलायला कमी. त्या घरातलं बोलणं सगळं कमलेशच्या आईकडे, रुखमाबाईंकडे होतं. कपाळावर अष्टगंध, गळ्यात तुळशीची माळ, आणि भिंतीवर देवांच्या तसबिरी इतक्या, की भिंतीचा रंग कोणता ते विचारावं लागावं. चहा झाल्यावर त्यांनी होणाऱ्या विहिणीबद्दल सरळ विचारलं, "इवाईन काय करते जी?"

लिलाधरने तोंड उघडलं. घनश्यामने त्याच्या पायावर पाय दिला.

"आसनं विणते," तो म्हणाला.

"कायची आसनं?"

"पूजेची. ध्यानाले बसाची. लई लांब लांब जाते तिचा माल."

यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं. रुखमाबाई हरखून गेल्या. "मंग एखादं आमच्यासाठीही आना ना जी. बाजारातलं आसन लई घसरते."

पुढच्या खेपेला घनश्यामने रायपूरच्या गिऱ्हाइकासाठी बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यातून एक चटई ओढून काढली, पिवळ्या कापडात गुंडाळली आणि तुमसरला नेऊन रुखमाबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"हा काठ कायले जी?"

"ध्यान बाहेर सांडू नये म्हणून."

"अन् हे चार भोकं?"

इथे घनश्याम क्षणभर अडखळला. पण संस्थेच्या सभांमध्ये न केलेल्या कामांचा अहवाल वाचून वाचून त्याची जीभ तयार झालेली होती.

"चार वेद," तो म्हणाला.

रुखमाबाईंनी चटई कपाळाला लावली. अस्तरावर 'निव्वळ वजन पंचवीस किलो' असं छापलेलं होतं, तेही त्यांनी वाचलं, पण काही विचारलं नाही. घनश्यामला थोडं वाईटच वाटलं. त्याचंही उत्तर त्याने तयार ठेवलं होतं.

घरी हे लिलाधरकडून कळलं. ज्योत्सनाने हातातली सुई खाली ठेवली.

"तुमाले काही वाटते का जी? उद्या त्या बाईनं कोनाच्या घरी पिंजऱ्याखाली अशीच चटई पाहिली तं? पाखराच्या घानीवर मले देवापुढं बसवलं म्हनन. पोरीचं जमत आलेलं मोडन."

"कोन सांगते तिले?"

"तुमीच सांगा. आता सांगान तं हसण्यावारी जाईन. मंग नाई जानार."

ती म्हणत होती त्यात चूक काहीच नव्हतं, आणि नेमकं म्हणूनच घनश्यामला ते पटलं नाही. प्रतिक्षाने वेगळ्या तऱ्हेने सांगून पाहिलं. "बाबा, एक फोन लावून द्या. मीच बोलतो त्यांच्यासंग." तिचा जीव कमलेशवर होता हे आता घरात मांजरीलाही ठाऊक होतं. रुखमाबाईंचा फोन अधूनमधून यायचा. "आसन काय विणून राहिली का आई?" असं तिकडून विचारलं, की ती हो म्हणायची आणि त्या दिवशी तिला जेवण जायचं नाही. खोटं बापाचं आणि उपास पोरीला, अशी व्यवस्था होती.

घनश्यामने यावर उपाय काढला, आणि तो खरं बोलणं सोडून दुसरा असणार हे उघड आहे. त्याने खोट्यालाच खरं करायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पाखरांची एक चटई ओसरीवर टाकली, रस्त्याकडे तोंड करून मांडी घातली आणि डोळे मिटले. पहिले काही दिवस एक डोळा किलकिला ठेवून कोण पाहून जातं ते बघायचा. लोक पाहून जात होते. भजनमंडळाचे मुरारीबुवा एकदा थांबले, तास-अर्धा तास समोर उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, "घनश्याम, तू कधीपासून?"

"पयलेपासूनच बुवा. सांगत नव्हतो."

मुरारीबुवांनी हात जोडले. उपाध्यक्षपदाच्या इतक्या वर्षांत घनश्यामला कोणी हात जोडले नव्हते. त्या दिवशी त्याला जी चटक लागली ती लागली. मग तो बुवांना ध्यानाचे नियम सांगू लागला. सकाळी काही खाऊ नये, मन तलावाच्या पाण्यासारखं ठेवावं, आणि ध्यानाला बसलेल्या माणसाला कधी हाक मारू नये, हात तर मुळीच लावू नये, मोठं पाप लागतं. बुवांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःसाठी एक आसन मागितलं. घनश्यामने ते आशीर्वाद दिल्यासारखं दिलं.

घरात 'पिंजरा' हा शब्द बंद झाला. गिऱ्हाइकाचा फोन त्याच्या हाती लागला आणि तिकडून "लवबर्डसाठी पाहिजे होतं" असं ऐकू आलं, की तो म्हणायचा, "इथं फक्त आसनं भेटतात." ज्योत्सना मग परत फोन लावून माफी मागायची. पावसाळा संपेपर्यंत तर तो तिला विणायच्या आधी हातपाय धुवायला सांगू लागला. ती माल बांधून त्यावर 'पोपट, मोठा' किंवा 'लवबर्ड, जोडी' असं लिहायची, ते दिसलं की तो तोंड फिरवायचा. देवाची वस्तू अशी पाखरांखाली जाते, हे त्याच्याच्याने बघवेना. आपण हे सगळं कशासाठी सुरू केलं, ते तो एव्हाना साफ विसरला होता.

दिवाळी झाली, गावची मंडई आली. तुमसरची मंडळी साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख धरायला आली: इश्वरजी, रुखमाबाई आणि कमलेश. घनश्यामने वडीलधारे म्हणून मुरारीबुवांना बसवलं होतं, लिलाधरही होता. माल सगळा आतल्या खोलीत कोंबून ठेवलेला. ओसरीवर रांगेने नव्या कोऱ्या चटया अंथरलेल्या. चुलीवर कोंबडी आणि माळकऱ्यांसाठी वेगळी वांग्याची भाजी शिजत होती आणि प्रतिक्षा दारामागे दोन्ही हातांनी चौकट धरून उभी होती.

"बसा जी," घनश्याम म्हणाला, आणि रुखमाबाईंसाठी मधलं आसन स्वतःच्या हाताने झटकलं.

रुखमाबाई उभ्याच राहिल्या. "मले खुर्ची द्या ना जी. गुडघे दुखते."

"काहून? घरी तं रोज बसता ना आसनावर?"

लिलाधरने आणलेल्या खुर्चीत टेकत रुखमाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. इश्वरजींना तेवढ्यात छताच्या पंख्यात काहीतरी पाहण्यासारखं सापडलं. दारामागे प्रतिक्षाला वाटलं, कळलं यांना, आता संपलं.

तेव्हा कमलेश बोलला. बिचारा दिवसभर तांदळातून काळा दाणा बाहेर फेकणाऱ्या मशीनवर काम करायचा; खोटं पोटात ठेवायची सवय त्याला राहिली नसावी. "आई, सांगून टाक ना आता. बाबूजी, आईनं ते आसन एकही दिवस वापरलं नाई. आसन मागितलं खरं, पन तिले खाली बसताच येत नाई, ते पूजा खुर्चीवर बसूनच करते. मागच्या परसात मी लवबर्ड पाळले आहे. त्याच्या पिंजऱ्याखाली सहज टाकून पाहिलं, तं काय फिट बसलं जी! चारी पाय चारी भोकात. एक टरफल बाहेर जात नाई."

रुखमाबाईंचे डोळे भरून आले. "देवाची वस्तू होती जी, मले लई लागलं. यानं टाकलं त्या दिवसापासून मी गुरुवार धरले. तीनदा काढाले गेली, पन हा म्हने, आई, फरशी तं पाह्य किती साफ राहते. तुमाले तोंड कसं दाखवू म्हनून मंडईले यायचंही नाई म्हनत होती मी."

ज्योत्सना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. महिनोन्‌महिने ज्या दगडाखाली हे घर दबलं होतं, तो दगड पाहुण्यांनी आपल्या हाताने उचलून बाजूला ठेवला होता. पाखरांची चटई कुठून कुठून फिरून बरोब्बर पाखरांखाली जाऊन पडली होती. आता घनश्यामने फक्त हसायचं होतं आणि एक वाक्य म्हणायचं होतं. मोठेपणासाठी अध्यक्ष आजारी पडण्याची वाटही पाहावी लागणार नव्हती.

घनश्यामने तोंड उघडलं.

"देवाच्या आसनावर पाखरं हगवता?" तो म्हणाला.

राग खोटा नव्हता, हीच तर मोठी पंचाईत होती. त्याचे कान लाल झाले होते, आवाज कापत होता. "मी रोज सकाळी ज्याच्यावर बसतो, ते तुमी पिंजऱ्याखाली टाकलं? चार वेद पाखराच्या पायाखाली? ज्या घरात अशी रीत आहे, त्या घरात माझी पोरगी देनार नाई मी. सांगून ठेवतो."

लिलाधरने कपाळाला हात लावला. कमलेश उठून उभा राहिला आणि आता काय करायचं ते न कळून पुन्हा बसला. प्रतिक्षा दारामागून बाहेर आली. पाहुण्यांसमोर तिला कधी बापाशी मान वर करून बोलताना कोणी पाहिलं नव्हतं.

"बाबा, कायची चटई आहे ते सांगा यायले."

घनश्यामने मुरारीबुवांकडे पाहिलं.

"दुसरं काही नोका सांगू. एवढंच सांगा."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती नुसती वाट पाहत होती, लहानपणी शाळेच्या फाटकाशी पाहायची तशी. घनश्यामला तिचं ऐकायचं होतं. तीन शब्द होते, 'पाखराची चटई आहे', आणि ते त्याच्या जिभेवर आलेही होते. पण शेजारी मुरारीबुवा बसले होते, घनश्यामनेच दिलेल्या आसनावर, हात जोडून. तीन शब्द बोलले की ते हात खाली येणार होते.

"मी ध्यानाले बसतो," घनश्याम म्हणाला. रुखमाबाईंसाठी झटकलेल्या चटईवर त्याने मांडी घातली आणि डोळे मिटले.

मिटल्या डोळ्यांआड त्याचा हिशोब पक्का होता. पोरीचा बाप रुसला की त्याची समजूत काढतात, अशी रीतच आहे. पहिले लिलाधर येईल, त्याला नाही म्हणायचं. मग इश्वरजी येतील, त्यांनाही नाही. मग रुखमाबाई येतील, हात जोडतील, तेव्हा मोठ्या मनाने डोळे उघडायचे. तो वाट पाहत बसला.

आला तो ज्योत्सनाचा आवाज. "इवाईन, तुमचं काहीच चुकलं नाई. ते पाखराचीच चटई आहे. मी पाखराच्याच विणतो. यायले लाज वाटते म्हनून यायनं आसन सांगितलं."

घनश्यामने डोळे आणखी घट्ट मिटले.

"मंग मी इतके गुरुवार उपाशी कायले राहिली बाई?" रुखमाबाई म्हणाल्या. आणि मग त्या हसू लागल्या. डोळे पुसत, गुडघा चोळत, खुर्चीत हलत हलत हसल्या. त्यांच्यामागून इश्वरजी हसले, ज्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकू आला. "जिवावरचा धोंडा गेला माह्या," रुखमाबाई म्हणाल्या. "आता सांगतो, एका बाजूनं थोडी कमी पडते ते चटई. पाखरं चार झाले ना."

"माप पाठवा. मोठी करून देतो."

"अन् तारीख?"

"तुमीच सांगा."

घनश्याम त्यांच्यापासून चार हातांच्या अंतरावर बसून सगळं ऐकत होता. आता कोणीतरी येईल, त्याला वाटलं. कोणी आलंही. इश्वरजींची पावलं जवळ आली, आणि त्याच क्षणी मुरारीबुवांचा हळू, श्रद्धाळू आवाज आला, "हात नोका लावू जी. ध्यानातल्या माणसाले उठवलं तं पाप लागते." चटई पाखरांची निघाली तरी बुवांचा घनश्यामवरचा विश्वास ढळला नव्हता. इतकं सारं ऐकूनही जो माणूस हलला नाही, त्याचं ध्यान खरंच खोल असणार, असा साधा विचार बुवांनी केला होता. पावलं मागे गेली.

"नारळ तं बापाच्या हातानं द्या लागते," लिलाधर म्हणाला.

"मी देतो," ज्योत्सना म्हणाली.

टिळा लागला, नारळ दिला गेला, साक्षगंधाची तारीख ठरली. ताटं मांडल्याचा आवाज आला, कोंबडीच्या रश्श्याचा वास आला, कोणीतरी वाढ वाढ म्हणालं, कमलेश पहिल्यांदा मोकळा हसला. डोळे उघडावेत तर आतापर्यंत सगळं ऐकू येत होतं हे कबूल केल्यासारखं होणार. मिटलेले ठेवावेत तर पोरीचं ठरताना बाप जागचा हलला नाही असं होणार. घनश्यामने मिटलेले ठेवले.

जेवणं झाली. मग बांगड्या वाजल्या. प्रतिक्षा वडीलधाऱ्यांच्या पाया पडत येत होती. रुखमाबाई, इश्वरजी, लिलाधरकाका. मग ती त्याच्यापाशी आली. तिचे हात त्याच्या पायांना लागले, नुकतेच धुतलेले, गार. तिचं डोकं त्याच्या मांडीवरच्या हातापासून वीतभर होतं. आशीर्वाद द्यायला हात उचलावा लागतो, आणि ध्यानातला माणूस हात उचलत नाही. घनश्यामला तो उचलायचा होता, अगदी आतून. शेजारी मुरारीबुवा खोकले.

प्रतिक्षा वाकलेलीच राहिली. "बाबा," ती अगदी हळू म्हणाली, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं.

तिने बराच वेळ वाट पाहिली. मग ती उठली, दोन पावलं पुढे सरकली आणि मुरारीबुवांच्या पाया पडली. बुवांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सुखी राहा माय, असं जे बापाने म्हणायचं असतं, ते बुवा म्हणाले.